तेरोच्या फाटकावर टाळी नाही

बिहीच्या, त्या पिवळ्या आंबट फळाच्या, गरात एकदा साखर पडली की मग त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही. खाली लागतो, आणि वर असा उडतो की मनगटावर फोड आलाच म्हणून समजा. म्हणून नेलिदा बेंतांकोरने उजव्या हाताला जुना टॉवेल गुंडाळला होता आणि लांब दांड्याच्या लाकडी डावाने ती पातेलं ढवळत होती. डाव्या हातात माते, म्हणजे कडवट पानांचा चहा, भरलेला पोकळ भोपळा. थोडं ढवळायचं, नळीतून एक घोट ओढायचा, पुन्हा ढवळायचं. रेडिओवर दक्षिणेकडून वारा येणार म्हणून सांगत होते, ते तिला गुडघ्यांनी कालच सांगितलं होतं.

तेवढ्यात फाटकावर ठकठक झाली. लोखंडावर किल्ली आपटावी तशी.

नेलिदाने डाव थांबवला नाही, नुसती मान वळवली. सेर्रोच्या टेकडीवर फाटक कुणी ठोकत नाही. घंटा फारशा घरांना नाहीत, आहेत त्या वाजत नाहीत. आलेला माणूस बाहेर उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो. पोस्टमन, गॅसवाला, देवाधर्माची पत्रकं वाटणाऱ्या बायका, सगळे. नेलिदा तर टाळीवरून माणूस ओळखायची. पोस्टमनची टाळी कंटाळलेली, शेजारच्या चोलाची घाईची, गॅसवाल्याची मोठी आणि उगाचच. पण हे ठोकणारं कोण?

"कोण आहे? कडी काढून आत या. माझा हात अडकलाय," ती ओरडली.

दोघं आत आली. पन्नाशीची एक बाई, केस अगदी बारीक कापलेले, खांद्यावर कापडी पिशवी. तिच्या मागे एक आडदांड टकला माणूस, अंगात बस ड्रायव्हरचा निळा स्वेटर, काखेत स्वतःचा थर्मास. दोघांच्याही छातीवर पितळेचा इवलासा पक्षी टाचलेला होता, काडीसारख्या पायांचा. तो पक्षी दिसला आणि नेलिदाचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा झाला. गेल्या हिवाळ्यात, तिच्या भावाच्या, ओस्मारच्या अंत्ययात्रेत, काळे कपडे घालून आलेल्या त्या सगळ्या लोकांच्या छातीवर हाच पक्षी होता.

"दोन्या नेलिदा, मी मिर्ता," बाई आदराने म्हणाली. "हा वाल्देमार. आम्ही तेरोच्या लोकांपैकी."

तेरो म्हणजे टिटवी. ओस्मारला ते नाव कुणी दिलं कोण जाणे, पण ज्याने दिलं त्याने माणूस नीट पाहिला होता. तसेच लांब बारीक पाय, तशीच अचानक थांबून मान वाकडी करायची सवय, आणि आवाजही तसाच, ऐकणाऱ्याला वाटावं कुणी अंडी चोरली की काय.

"त्याच्या बहिणीला तेरो कोण ते सांगायला नको," नेलिदा म्हणाली. "काम बोला. गर लागतोय."

"मी ढवळू का?" वाल्देमारने विचारलं.

"येतं का तुम्हाला?"

"आजी करायची आमची. उडालं की ओरडायचं नाही, एवढं ठाऊक आहे."

नेलिदाने त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळून दिला आणि स्वतः स्टुलावर टेकली. आपण याला स्वयंपाकघरात का घेतलं, हे तिला स्वतःलाच कळलं नाही. गुडघे दुखत होते, एवढंच.

मिर्ताने काम सांगितलं. तेरोला जाऊन आता वर्ष होईल. रस्त्याकडची तुमची ती लांब भिंत आहे ना, जिच्यावर फुटबॉलवाले रंग फासून जातात, तिच्यावर आम्हाला एक मोठा तेरो काढायचाय. रंग आमचा, शिडी आमची. तुम्ही फक्त हो म्हणा.

"नाही," नेलिदा म्हणाली.

डाव जरासा थांबला आणि पुन्हा फिरायला लागला.

"लहान काढू हवं तर," वाल्देमार पातेल्यात बघतच म्हणाला.

"लहानमोठ्याचा प्रश्न नाही."

प्रश्न काय होता तो नेलिदाने वर्षभर कुणाला सांगितला नव्हता. ओस्मार तिचा धाकटा भाऊ. लग्न दोघांनीही केलं नाही. ती शाळेच्या गणवेशाच्या पँटी शिवायची, तो रेडिओ दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा वेळ मागच्या पत्र्याच्या खोलीत असायचा. गिटारला तारांऐवजी मासेमारीचा दोरा लावायचा. पंख्याच्या पात्यांना चमचे बांधायचा. एकदा नेलिदाचं शिलाई मशीन आठवडाभर पळवलं आणि परत दिलं तेव्हा त्याला तेल घातलेलं होतं, ही त्यातल्या त्यात कृपा. कधीमधी कुठल्याशा हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम असायचा. ती एकदाच गेली होती. ओस्मार बराच वेळ मायक्रोफोनपाशी वर्तमानपत्र फाडत होता, आणि शेवटची बस चुकेल म्हणून तिला मध्येच उठावं लागलं. पुढे प्रत्येक कार्यक्रमानंतर तो घरी यायचा, ती जेवण गरम करून द्यायची आणि विचारायची, कसा झाला? तो म्हणायचा, शांत. ती समजायची, बिचाऱ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग ताटात आणखी एक बटाटा वाढायची.

आणि मग तो गेला, आणि अंत्ययात्रेला ही एवढी माणसं आली. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. नेलिदाला वाटलं, अरे, होतं की याचं कुणीतरी. कलाकार माणूस गेला की लोक टाळ्या वाजवून त्याला पोचवतात. शेजारचा काचो, चोलाचा नवरा, कार्नवालच्या मंडळात नुसता मोठा ढोल बडवायचा. तो गेला तर घरापासून दफनभूमीपर्यंत टाळ्यांचा पाऊस. ओस्मारची शवपेटी दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात सरकवली तेव्हा नेलिदा पुढे उभी होती, लोकांकडे पाठ करून. ती वाट बघत राहिली. गवंड्याने कोनाडा बुजवायला घेतला. त्याची थापी तेवढी ऐकू येत होती. मागे चिडीचूप. एकानेसुद्धा हात उचलला नाही.

परत येताना चोला म्हणाली होती, "अगं, कुणीतरी सुरुवात करायला लागते. मीच करणार होते, पण हात खिशात गारठले होते."

चोलाला काय, तिच्या काचोला भरभरून मिळालं होतं. तेव्हापासून नेलिदाच्या मनात एकच खडा रुतून बसला होता. माझ्या भावाला बघायला आली ही माणसं, सर्कशीतलं जनावर बघायला येतात तशी. त्याच्यावर माया कुणाचीच नव्हती.

आज ते तोंडातून बाहेर पडलं.

"ज्याच्यासाठी तुमचे हात दोनदा एकमेकांवर आपटले नाहीत," ती म्हणाली, "त्याला माझ्या भिंतीवर काढून काय करणार आहात? शोभा?"

वाल्देमार वळला, आणि गराचा एक थेंब त्याच्या कोपरावर उडाला. तो ओरडला नाही.

"दोन्या नेलिदा," मिर्ता हळू म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाही?"

"काय ठाऊक नाही?"

"तेरोसाठी टाळ्या वाजवत नाहीत. कुणीच नाही. कधीच नाही. त्यानेच सांगितलं होतं, अगदी सुरुवातीच्या एका कार्यक्रमात. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या सुरू केल्या, तर हा कानांवर हात ठेवून खाली बसला. म्हणाला, अजून वाजतंय, थांबा. तेव्हापासून त्याचं गाणं संपलं की आम्ही श्वास धरून बसतो. आम्हाला त्यापेक्षा मोठं काही देता येत नाही."

"पार फाटकावरसुद्धा," वाल्देमार म्हणाला. "या फाटकावर टाळी वाजवायची माझी हिंमत झाली नाही. किल्लीने ठोकलं. शेजारची बाई खिडकीतून माझ्याकडे चोर असल्यासारखी बघत होती."

"चोला," नेलिदा नकळत म्हणाली. "ती सगळ्यांकडेच तशी बघते."

मिर्ताने फोन काढला. "हा तुम्ही ऐका. कुणीतरी प्रेक्षकांत बसून टेप केलेला. किटलीचा कार्यक्रम."

"कसली किटली?"

"स्टेजवर शेगडी पेटवून किटली ठेवली होती. ती शिट्टी देईपर्यंत गाणं," वाल्देमारच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. "तुम्ही विचार करा, आख्खा हॉल मातेवाल्यांचा. पाणी उकळलं की माते बिघडला. सगळ्यांना दिसतंय वाफ यायला लागली, आता उतरव, आता उतरव, आणि हा आपला गातोय. माझ्या बाजूचा म्हातारा अक्षरशः तळमळत होता."

नेलिदाला हसू आलं. ती किटली तिचीच होती. बूड जळून परत आली होती.

फोनमधून आधी खरखर आली. मग ओस्मारचा आवाज, दूरचा, आणि तो मासेमारीचा दोरा. मग शिट्टी वाढत वाढत गेली आणि कुणीतरी ती किटली उतरवली असावी, कारण सगळं थांबलं.

नेलिदा वाट बघत राहिली. कोनाड्यापुढे बघितली होती तशीच. काही नाही. मग त्या 'काही नाही'मध्ये एक खोकला आला, दाबलेला. एक खुर्ची किंचित करकरली. कुणीतरी नाक ओढलं, रडणारं माणूस ओढतं तसं. नेलिदाने फोन कानाशी घेतला. ही रिकाम्या हॉलची शांतता नव्हती. रिकामी शांतता तिला चांगली ठाऊक होती, वर्षभर ती घरात होतीच. ही भरलेली होती, काठोकाठ, माणसांनी. खूप वेळाने ओस्मारचा आवाज आला. "झालं. जा आता, जेवा."

तिने फोन मांडीवर ठेवला. शांत, असं म्हणायचा तो, आणि ती त्याला बटाटा वाढायची.

"आमच्यातल्या एकाने त्याच्यावर लेख लिहिलाय," मिर्ता म्हणाली. "त्याचं म्हणणं, टाळी म्हणजे बाजार. तेरोने बाजाराला नकार दिला."

"बाजार कसला," नेलिदा म्हणाली. "बाबा झोपलेले असायचे."

दोघांना कळेना.

"आमचे बाबा खाली मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. दिवसा झोपायचे. घर हे एवढंच, मध्ये एक पडदा. ओस्मार पाच-सहा वर्षांचा असेल, चमच्यांना फडकी गुंडाळून पातेली वाजवायचा. ऐकायला मी एकटी. एकदा मला इतकं आवडलं की मी टाळ्या वाजवल्या. बाबा उठले. मारलं नाही हो त्यांनी, तसे नव्हते ते. नुसते येऊन खाटेच्या कडेला बसले, आणि त्यांचे डोळे इतके लाल होते की ओस्मारने कानांवर हात ठेवले आणि खाली बसला. पुढे मी असं करायचे." नेलिदाने दोन्ही तळवे जवळ आणले आणि ते एकमेकांना टेकायच्या आत थांबवले. "तेवढ्यावर तो खूश असायचा."

वाल्देमारने तिच्या हातांकडे पाहिलं. मिर्ताने डोळे पुसले आणि ते पुसताना दिसू नये म्हणून पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

"म्हणजे तुम्हीच पहिल्या," वाल्देमार म्हणाला. "आमच्यातल्या."

"मी कुठली. मी तर बस पकडायला निघून गेले होते."

गर आता पातेल्याची कड सोडू लागला होता. नेलिदा उठली, वाल्देमारच्या हातून डाव घेतला, उलटा करून पाहिला. गर छान गडद झाला होता. गॅस बंद करून तिने तुपाचा हात लावलेला साचा पुढे ओढला, आणि तिघांनी मिळून गर ओतला. मग पाठ ओट्याला टेकून ती उभी राहिली.

"तुम्ही कधीच नाही वाजवलीत?" तिने विचारलं. "गाडीत एकटं ऐकताना? घरी?"

"त्याच्यासाठी नाही," वाल्देमार म्हणाला. "तो गेल्याचं कळलं त्या दिवशीही नाही. कोनाड्यापाशी माझे हात शिवशिवत होते. पण त्याला नको होतं ते कसं करायचं?"

"त्याला नको होतं, बरोबर. त्याच्या बाजूने तुम्ही सगळं नीट केलंत, आणि मी वर्षभर तुम्हाला शिव्या घातल्या." नेलिदाने ओट्यावरचा गराचा ठिपका बोटाने पुसून चाखला. "पण मी त्याची बहीण आहे, आणि बाबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. भिंत घ्या. हवा तेवढा मोठा पक्षी काढा, चोलाच्या खिडकीतून दिसेल असा. मला फक्त एक हवंय."

"सांगा ना," मिर्ता म्हणाली.

"रविवारी सगळ्यांना घेऊन या, माझ्याबरोबर त्याच्या कोनाड्यापाशी चला, आणि एकदाच, मला ऐकू येतील अशा टाळ्या वाजवा."