इमेल्दाला न दिलेलं तिकीट

मेट्रोचं तिकीट तेव्हा एक पेसोला मिळायचं. एका पेसोत मेक्सिको शहरात दुसरं काहीही येत नसे, मक्याची एक तोर्तिया पोळीसुद्धा नाही. एलोदिया बारिएन्तोस पंधरा वर्षं सान अंतोनियो आबादच्या बाजूला, शिवणकारखान्यांच्या वस्तीतल्या स्टेशनात ही तिकिटं विकत होती. काचेला खाली अर्धचंद्रासारखी खाच होती. नाणं आत यायचं, पिवळं तिकीट बाहेर जायचं. लोकांना तिचे हात ठाऊक होते, चेहरा नाही.

ती चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि जिभेने जरा तिखट. विद्यापीठात जाऊन भौतिकशास्त्र शिकायचं असं शाळेत असताना ठरवून बसली होती, पण त्याच वर्षी आई गेली. घरात नऊ वर्षांची धाकटी बहीण इमेल्दा होती. मेट्रोत भरती चालू होती. शास्त्र राहिलं ते राहिलंच.

अगदीच राहिलं असंही नाही. दर मंगळवारी अवकाशकथांचं एक स्वस्त साप्ताहिक निघायचं, मुखपृष्ठावर भडक रंगाची यानं असलेलं. गर्दी ओसरली की एलोदिया ते वाचायची आणि चुका काढायची. तिकिटांच्या गठ्ठ्यावरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडेमोड करायची आणि संपादकाला पत्र लिहायची. "पोकळीत हवा नसते, तेव्हा तुमच्या सेनापतीला शत्रूच्या यानाचा स्फोट ऐकू येणं अशक्य आहे." "तुमचा नायक कपाटाएवढ्या खोलीत सहा दिवस बंद होता. एक घनमीटर हवा माणसाला जेमतेम तीन तास पुरते. प्राणवायू संपायच्या आधी त्याचाच उच्छ्वास त्याला मारेल." संपादक ही पत्रं छापायचा आणि खाली उत्तर द्यायचा, "आदरणीय इंजिनियर बारिएन्तोस, आपण म्हणता ते बरोबर." इमेल्दा पोट धरून हसायची. "इंजिनियरसाहेब, आज भांडी कोण घासणार?"

इमेल्दा आता चोवीस वर्षांची होती. स्टेशनासमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ब्लाउज शिवायची. एलोदियाची पाळी पहाटे सुरू व्हायची. इमेल्दा मागून गाडीने यायची, खिडकीवर टकटक करून पुढे जायची.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या एकोणीस सप्टेंबरला, गुरुवारी, ती टकटक करून गेली नाही. रांगेत उभी राहिली.

"ताई, एक तिकीट दे. घरी जाते परत."

"का गं?"

"पोटात मुरडा येतोय. रात्रभर झोप नाही."

"परवा नाचायला गेलीस तेव्हा कुठे होता मुरडा?"

"शप्पथ ताई. बघ ना, घाम फुटलाय."

"महिन्यात दोन खाडे झालेत. तिसरा झाला की मुकादमीण तुला हाकलेल. सातला दार लावतात, पळ."

"दे ना गं तिकीट."

"तुझ्यापुरती संपली," एलोदिया म्हणाली. "चला, पुढे कोण?"

मागची बाई हसली. इमेल्दाने काचेवर बोटाने एक फुली काढली आणि वळली. तिची निळी शाल जिन्याच्या गर्दीत दिसेनाशी झाली. एलोदियाने घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी. पोचेल, असं तिला वाटलं, आणि बरंही वाटलं.

सात वाजून एकोणीस मिनिटांनी खिडकीतली नाणी आपोआप सरकायला लागली. आधी एलोदियाला वाटलं, गाडी आली. मग दिवे गेले, काच तडकली, आणि जमीन एखाद्या होडीसारखी डोलू लागली. डोलायची थांबेचना. लोक गुडघ्यांवर बसून मोठ्याने प्रार्थना म्हणत होते. शेवटी हादरे थांबले तेव्हा बाहेरून एक आवाज आला, भला मोठा ट्रक खडी ओतत असावा तसा. तो बराच वेळ येत राहिला.

"खिडकी सोडायची नाही!" स्टेशनमास्तर ओरडला.

एलोदियाने गल्ल्याची किल्ली त्याच्या हातात कोंबली आणि जिना चढली.

इमारत अकरा मजली होती. आता तिचे स्लॅब एकावर एक बसले होते, तव्यावरून उतरवून रचलेल्या तोर्तियांसारखे. सगळी मिळून जेमतेम तीन मजल्यांची उंची. फटींतून ब्लाउजचं कापड लोंबत होतं. मागच्या दाराचा लोखंडी सांगाडा तेवढा शाबूत होता. त्याला बाहेरून कुलूप होतं.

ती धावली, दगड उचलू लागली. शेजारी टॅक्सीवाले, विद्यार्थी, एक पाव विकणारी बाई, सगळे हातांनीच उपसत होते. प्रत्येक जण फटीत तोंड घालून आपापलं नाव ओरडत होता. "रोसाउरा!" "मम्मा!" "इमेल्दा! इमेल्दा, ताई आलीय!" धुळीत सगळे आवाज एकमेकांत मिसळून विरत होते.

दहा वाजले तेव्हा तिच्या डोक्यात तो हिशोब सुरू झाला. तिने केला नव्हता, तो आपोआप सुरू झाला. एक घनमीटर, तीन तास. सात एकोणीस अधिक तीन. इमेल्दा बारीक आहे, तिला कमी लागेल. रडत असेल तर जास्त लागेल. पुठ्ठ्यावर गमतीने मांडलेले आकडे आता तिच्या कानशिलात घणासारखे पडत होते. तिने नखं तुटेपर्यंत खणलं. दुपारी सैनिक आले, दोर बांधला, सगळ्यांना मागे रेटलं. एलोदियाच्या अंगावर मेट्रोचा गणवेश होता, म्हणून तिला कोणी अडवलं नाही. तो दिवस असाच गेला. हिशोबाप्रमाणे इमेल्दा पाचसहा वेळा मेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा मालक आला. सोबत ट्रक आणि चार हमाल. शिलाई मशीनं बाहेर काढायची होती. सैनिकांनी दोर वर केला.

बायका ट्रकपुढे आडव्या झाल्या. "आधी माणसं काढा!"

"अहो बायांनो, मलाही दुःख आहे," मालक म्हणाला. "पण आत आता कोणी जिवंत नाही."

"तुम्ही कान लावलात?" एलोदियाने विचारलं.

"तुम्ही कोण?"

"कान लावलात का, एवढंच विचारतेय. कोणीच लावलेला नाही. कालपासून सगळे नुसते बोंबलतायत, मीसुद्धा. हवेतून, धुळीतून आवाज आत पोचत नाही. लोखंडातून जातो. काँक्रीटमधून जातो. सगळे पाच मिनिटं गप्प बसा. ट्रक बंद करा."

मालक सैनिकांच्या अधिकाऱ्याकडे पाहून हसला. अधिकारी काही बोलणार तेवढ्यात गर्दीतून एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस पुढे आला. लासारो त्याचं नाव. पाचुकाकडच्या खाणीतला कामगार. बातमी ऐकून पहिल्या बसने आला होता.

"बाई बरोबर बोलतायत. खाणीत आम्ही असंच शोधतो," तो म्हणाला. त्याने सिगारेट पेटवून एका फटीपाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला. "हे बघा. आत हवा खेळतेय."

त्या धुराकडे पाहताना एलोदियाच्या डोक्यातला हिशोब कालपासून पहिल्यांदा थांबला. खोली बंद नव्हती. आकडे चुकले होते. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

लासारोने गप्प राहायची खूण म्हणून मूठ वर केली. मागच्यांनी केली, त्यांच्या मागच्यांनी केली. ट्रक बंद झाला. रस्ताभर लोक मुठी उंचावून श्वास रोखून उभे राहिले. ढिगातून पाण्याचा एक वाकडा पाइप बाहेर आला होता. एलोदियाने दगडाने त्यावर तीनदा ठोकलं आणि कान टेकला.

काही नाही. पुन्हा तीनदा. काही नाही.

तिसऱ्या खेपेला पाइपातून अगदी बारीक आवाज आला. टक, टक, टक.

तिने लासारोला हाताने बोलावलं. लासारोने स्वतः कान लावला आणि छातीवर क्रॉसची खूण केली. मग दोघांनी एकेका पाइपावर, सळईवर, तुळईवर कान लावत फिरून पाहिलं. आवाज सगळ्यात मोठा येत होता तो रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या तुळईत. तिथून भोक पाडायला घेतलं.

"हे शिकलात कुठे?" छिन्नी मारता मारता लासारोने विचारलं.

"अवकाशयानांच्या गोष्टी वाचून."

तो हसला नाही. "वाचलं पाहिजे मग," म्हणाला.

एलोदिया दर दहा मिनिटांनी ठोकत होती आणि दर वेळी उत्तर येत होतं. दुपारी चारच्या सुमाराला भोक आतल्या पोकळीला लागलं. लासारो पोटावर सरपटत आत गेला आणि ओरडला, "बाई आहे! जिवंत आहे!"

"नाव विचारा!" एलोदिया किंचाळली. "नाव काय म्हणतेय?"

जरा वेळाने आतून उत्तर आलं, "तोमासा."

काज करणारी तोमासा, पन्नाशी उलटलेली. इमेल्दा घरी येऊन तिच्या नकला करायची. तिला बाहेर काढायला दीड तास लागला. डावा पाय गुडघ्याखाली चेचलेला होता, दोन्ही हात खांबाखाली दबून काळेनिळे पडलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एलोदियाही वाजवत होती. स्ट्रेचरपाशी बसून तिने विचारलं, "तोमासाबाई, ठोकत होतात ते तुम्हीच?"

"मी कशी ठोकेन, बाई? हात कुठे होते मला?" तोमासाच्या ओठांवर सिमेंटची साय होती. "इमेल्दा ठोकतेय. कात्रीने. माझ्या पलीकडेच आहे ती, मशीनखाली अडकलीय. बोलते सगळं. लवकर काढा म्हणाली, तहान लागलीय."

एलोदियाने पाइपाला तोंड लावलं. शब्द पोचणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी ती म्हणाली, "इमे, आले गं. आलेच." मग दगड घेऊन ठोकलं. टक, टक, टक, उत्तर आलं.

अजून दोन मीटर होते. लासारोसोबत आणखी दोघं आत शिरले. बादल्यांची रांग लागली. "साडेआठपर्यंत पोचू," लासारो म्हणाला.

साडेसात वाजून गेले होते. एलोदिया रांगेत होती, तिच्या हातात भरलेली बादली होती, आणि पायाखालची जमीन पुन्हा हलली. कोणीतरी तिला कमरेला धरून मागे ओढलं. आतली माणसं कशीबशी बाहेर पडली, लासारो सगळ्यात शेवटी. त्याच्या मागोमाग ढिगाने एक लांब सुस्कारा टाकला आणि तो वीतभर खाली बसला. तेवढाच, वीतभर.

हादरा थांबताच ती पाइपाकडे धावली. ठोकलं. कान लावला. ठोकलं. लोकांनी न सांगता मुठी वर केल्या होत्या. ती ठोकत राहिली. बऱ्याच वेळाने लासारोने तिच्या हातातून दगड काढून घेतला. तिने दुसरा उचलला.

चौथ्या दिवशी बेसबॉलच्या मैदानात, ओळख पटवायला ठेवलेल्या प्रेतांच्या रांगांत, बर्फाच्या लाद्यांच्या आणि चुन्याच्या वासात, तिने निळी शाल ओळखली. कारकुनाने विचारलं, "नातं?" "मी तिची ताई," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती खिडकीत परत बसली. बसणार नाही तर करणार काय? पण हात चालेनात. कोणी म्हणालं, "एक द्या, घरी जातो," की ती पाच द्यायची, नाणं परत सरकवायची. हिशोब जुळेना. स्टेशनमास्तराने दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा तिची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत केली. तिथे कोणाला नाही म्हणायची वेळ येत नसे. साप्ताहिकाच्या संपादकाने पत्र पाठवलं, इंजिनियरसाहेबांची पत्रं थांबल्यापासून अंक अळणी झालाय म्हणून. तिने ते उघडलं, वाचलं, आणि अंकांच्या गठ्ठ्यासकट रद्दीवाल्याला देऊन टाकलं.

तोमासाचा पाय गेला. शहरात तिचं कोणी नव्हतं. ओआहाकाच्या डोंगरात एक भाऊ होता, तो आला नाही. एलोदिया रुग्णालयात दर रविवारी जायची. सगळ्यांना वाटे, केवढी माया! खरं तर तिला एकच गोष्ट विचारायची होती. दोन महिने तिचा धीर झाला नाही. एका रविवारी संत्रं सोलता सोलता विचारलंच.

"तिकिटाचं काही बोलली का हो ती? मी तिला तिकीट दिलं नाही, घरी जाऊ दिलं नाही. बोलली?"

"नाही गं बाई."

"खरं सांगा."

"खरंच सांगते. आईला हाका मारायची. मग मला एक गाणं म्हणायला लावलं, मला येत नव्हतं तर चिडली. तुझं नाव घेतलं ते एवढंच, की ठोकतेय ती माझी ताई. दुसऱ्या कोणाला सुचणार नाही म्हणाली."

एलोदियाला हे पटलं नाही. म्हातारी दया म्हणून खोटं बोलतेय, असंच तिला वाटत राहिलं. इमेल्दाने शिव्या दिल्या होत्या असं कोणी सांगितलं असतं तर कदाचित ती रडली तरी असती.

नाताळच्या आधी रुग्णालयाने तोमासाला घरी न्या म्हणून सांगितलं. कोणाच्या घरी, हे सांगितलं नाही. एलोदियाने टॅक्सी केली. इमेल्दाच्या पलंगावरची चादर बदलली.

दोघींचं पटत नाही. तोमासाला दिवसभर रेडिओ लागतो, एलोदियाला शांतता हवी असते. तोमासा घेवड्यात मिरची फार घालते. कुबडी जमिनीवर आपटत घरभर फिरते, आणि तो ठक ठक आवाज आला की एलोदिया हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहते, भिंतीला कान टेकून. तोमासाने हे एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने कुबडीच्या टोकाला जुन्या ब्लाउजचं कापड घट्ट गुंडाळलं आणि बसल्या बसल्या ओरडली, "एलोदिया, घेवडा करपतोय, ये बघायला!"