दम न लागणारी टेकडी

माझ्या बायकोचे थोरले मामा एकटेपणाला जितके भितात, तितका भिणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. अंधाराचं, इंजेक्शनचं, भाऊबंदकीचं त्यांना काही वाटत नाही. पण घरात दुसरं माणूस नसलं की त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. मग कप हातात धरून ते फाटकात उभे राहतात आणि जो दिसेल त्याला, "या, अर्धा अर्धा घेऊ," म्हणतात. कुरिअरवाला, मीटर वाचणारा, पत्ता विचारणारा ऑटोवाला, कोणीही चालतो. एकदा त्यांना राँग नंबर आला. तुम्हीआम्ही फोन ठेवून दिला असता. मामांनी त्या माणसाला आधी गाव विचारलं. तो निघाला नांदगाव खंडेश्वरचा. मग सोयाबीन कसं आहे, पोरीचं जमलं का, आईचे गुडघे दुखतात का, असं करत करत त्याला रविवारी गावाबाहेरच्या एका टेकडीवर जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं. आणि तो आला की हो! बायको, आई आणि लोणच्याची बरणी घेऊन आला.

मामांचं बाळापूरला कापडाचं दुकान होतं. जन्म गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेला. मामी गेल्या, मुलगा बंगलोरला राहिला, तेव्हा दुकान मोडून ते भाचीच्या आधाराला म्हणून अमरावतीत आमच्या मागच्या गल्लीत आले. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. आता चालायचं तर चालावं ना माणसानं गपगुमान! पण मामांनी त्यासाठी टेकडी शोधली. चांदूर रेल्वेच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला, बसलेल्या म्हशीएवढी वाटावी अशी बुटकी टेकडी. साध्या चपलेवर चढता येते. मी एकदा हौसेनं चिखलदऱ्याकडच्या मोठ्या डोंगरांची गोष्ट काढली, तर मामा उखडलेच. "जवाईबापू, ज्या डोंगरावर दम लागते, तिथं बोलणं बंद पडते. असा डोंगर काय चाटायचा हाय?"

वर पोचल्यावर नुसतं बसून खाली उतरणं मामांच्या धर्मात बसत नव्हतं. रविवार म्हणजे रोडगे. गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे जाड गोळे त्या विस्तवात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचे. हा कार्यक्रम दोघातिघांत करणं आमच्याकडे अपशकुनच समजतात, त्यामुळे वाटेत भेटेल त्याला मामा वर ओढायचे. आधी पाचसहा डोकी होती. मग कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला आणि टेकडीची जत्रा झाली. कोचिंग क्लासची पोरं, वाढदिवसवाले, डोक्याला दिवे बांधून भरदिवसा चढणारे ट्रेकर, सगळे आले. मामा हरखून गेले. एकेकाच्या पॅन्टचं कापड चिमटीत धरून बघायचे. "लेका, हे काय घातलं तू? हे तर छत्रीचं कापड हाय! पाणी आलं तं उघडशील का?" पोरं खो खो हसायची.

इकडे टेकडीची मात्र दैना उडाली होती. पायवाट बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली, झाडांची मुळं उघडी पडली, कुसळी गवतात थर्माकोलच्या प्लेटा आणि कुरकुऱ्यांची पाकिटं अडकली. विस्तवाचे काळे डाग तर जागोजाग. मी कुरकुर केली की मामा म्हणायचे, "माणसं आली तं पसारा होणारच. रिकामं घर साफच रायते, बाप्पा."

त्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही नेहमीची जागा सोडून जरा पलीकडे, मोकळ्या मुरमाड जागेवर विस्तव केला. तेव्हापासून एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जी ओरडायला लागली, ती थांबेचना. मामांना काय, बोलणारं कोणीही हवंच. ते वर मान करून तिला उत्तरं देत बसले. "हो हो, होऊन रायले रोडगे. काहून घाई करतं बाई? सगळ्यांच्या आधी तुलेच वाढतो." सगळे हसत होते. मीही हसलो. जेवणं झाली, माणसं उतरायला लागली आणि मामा राख सारायला वाकले. विस्तवाच्या कडेला, खड्यांमध्ये, मातीच्याच रंगाची तिची अंडी होती. आचेनं तडकलेली. पोरांचा स्पीकर खालून वाजत होता आणि मामा तिथेच उकिडवे बसून राहिले. मी हात धरून उठवलं तेव्हा म्हणाले, "ते पाखरू मले सकाळपासून सांगून रायलं होतं, जवाईबापू. अन् मी त्याच्यासंग गप्पा मारून रायलो होतो."

त्यानंतर मामांचे रोडगे बंद झाले; पण लोकांचं येणं काही थांबलं नाही. टेकडी आता सगळ्यांना माहीत झाली होती. शिवाय ज्या जिभेला जन्मभर 'या, बसा' म्हणायची सवय, तिच्यावर 'येऊ नका' येणार कुठून? शेवटी मामांनी बिबट्या सोडला. खोटा, हे मला शपथ घालून सांगितलं. बाकी प्रत्येकाला एकेकट्याला बाजूला घेऊन, 'कोणाले सांगू नका' असं बजावून सांगितलं. त्यामुळे दोनचार दिवसांत गावभर झालं. कोणी शंका काढलीच, तर मामा भडकायचे. "अरे, जन्मभर प्रिंट विकले मी! मले ठिपके समजत नाईत का?"

टेकडी रिकामी झाली आणि मामांचा रविवारही. फाटकातला चहा चालतो अजून, पण अर्ध्या कपात माणूस किती बोलणार? आता दर रविवारी ते टेकडीच्या पायथ्याशी रस्त्याच्या पुलावर जाऊन बसतात. वर जात नाहीत. चुकून कोणी आलंच, तर त्याला बिबट्या सांगून परत पाठवायचं, एवढंच काम.

परवा मी सोबत गेलो होतो. मूळचं अकोल्याचं एक जोडपं स्कूटरवर आलं. बाई हसतमुख. "काका, उन्हात बसले तुमी? चहा घ्या ना आमच्यासंग," म्हणत तिनं थर्मास उघडला. मामांचा चेहरा काय खुलला! गाव, माहेर, आडनाव, बाळापूरची कोणती गल्ली, सगळं निघालं; तिच्या आईनं लग्नाचं लुगडं मामांच्या दुकानातून घेतलेलं निघालं. मामांनी तो एवढासा चहा इतका पुरवून पुरवून प्यायला की मला वाटलं, आज हा माणूस या दोघांना हाताला धरून वर नेतो. नेऊ द्या, म्हटलं, एकदा. काय बिघडतं?

नवऱ्यानं विचारलं, "मंग काका, वरती जाता येते ना?"

मामांनी पेला विसळून तिच्या हातात दिला. "नोका जाऊ, बाई," ते म्हणाले. "बिबट हाय वर."

ते दोघं घाबरून लगेच निघाले. स्कूटर वळणाआड जाईपर्यंत मामा बघत होते.

"चांगली माणसं होती हो," ते म्हणाले.