महाराणी मेल्यावर

महाराणी रोज मरत असे आणि मेल्यावर तिला फार काम असे. तिसऱ्या अंकात विष पिऊन, गात गात, ती सिंहासनाच्या पायरीवर कोसळे. प्रेक्षकांतून 'वन्समोअर'चा गजर होई. मग मृत बाई मुकुट सावरून उठे, पेटीवाल्यांकडे पाहून मान हलवी आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा मरे. गावातली एक अख्खी पिढी तिला मरताना पाहून लहानाची मोठी झाली होती.

मुळात ही शिंप्याची मुलगी. जुन्या महाराणीच्या झग्याची शिवण उसवली म्हणून बापाबरोबर नाटक कंपनीत आली आणि तोंडात टाचण्या धरून गुणगुणली. मालकांनी तिला टाचण्या काढून गायला लावलं, आणि त्यानंतर सुई काही तिच्या हाती येऊ दिली नाही. पुढे तिने कंपनीच्या पेटीवाल्यांशी लग्न केलं. हा गृहस्थ जे काही बोलतो ते पेटीतूनच, हे तिला लग्नानंतर कळलं.

अशात एका दुपारच्या खेळाला ती मेली आणि कुणी ओरडलंच नाही.

ती पडून राहिली. पायाला मुंग्या आल्या. मेलेल्या माणसाला डोळे किलकिले करून बघता येत नाही, ही या धंद्यातली मोठी अडचण. शेवटी पडदा पडला तेव्हा तीच दचकली.

लोक गहिवरले होते की कंटाळले होते? ती विचारत सुटली. प्रॉम्प्टर म्हणाला, रुमाल निघालेले दिसले, पण उकाडाही होता. रंगभूषाकाराने शपथेवर सांगितलं की टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. दारवान म्हणाला, बरेच जण खुर्चीखाली छत्र्या शोधत होते. मालक 'वा वा' म्हणाले आणि त्याच दमात म्हणाले, रविवारी भाचीला एकदा उभं करून बघूया का? भाची म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, तिनेच घरी तयार केलेली. हो म्हणावं तर महाराणीपद जातं, नाही म्हणावं तर बहिणीला तोंड दाखवायला जागा उरत नाही. ती 'बघू' म्हणाली. मालकांनी ते 'हो' धरलं.

रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. पोरगी फसली तर सोमवारपासून झगा पुन्हा आपला, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पण पोरगी अशी काही गायली की मावशीला आनंद करावा की धसका घ्यावा, कळेना. भाची पायरीवर कोसळली, थेट मावशीसारखी. छप्पर उडेल असा 'वन्समोअर' उठला.

महाराणी ताडकन उभी राहिली.

सवय, दुसरं काय. मुकुट सावरायला हातही वर गेला, पण तिथे नुसताच अंबाडा. मागच्यांनी तिला ओळखलं आणि गजर दुप्पट झाला. भाची मात्र मेलेलीच. तिला मरायचं शिकवलं होतं, उठायचं शिकवायचं मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं. पेटीवाले सूर धरून एकदा बायकोकडे पाहत, एकदा प्रेताकडे.

गजर जरा ओसरला तसं प्रेताने ओठ न हलवता विचारलं, "मावशी, आता मी काय करू?"

महाराणीने मागे वळून पाहिलं. ते कुणासाठी ओरडत होते? ओरडणाऱ्यांनाही बहुधा नक्की ठाऊक नसावं. रंगमंचाच्या कडेच्या पायऱ्या दोन पावलांवर होत्या आणि गाणं गळ्यापर्यंत आलं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "आधी उजवा हात टेक. आणि मुकुट धर, घसरतो तो."

मग ती खाली बसली. गाणं गिळायला तिला बराच वेळ लागला.

घरी जाताना तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, खरं सांगा. वन्समोअर कुणाला होता? तिला की मला?"

पेटीवाले कोपऱ्यापर्यंत विचार करत चालले. "मला वाटतं, पेटीला," ते म्हणाले.

ते थट्टा करत होते का, हे काही तिला कळलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला ते कधीच ओळखता आलं नव्हतं.