बाणाचं दार

शिरोलीच्या कारखान्यांमागे एक वस्ती होती. तिथल्या घरांना भिंती होत्या, पत्रे होते, दारं नव्हती. दाराच्या जागी गोणपाट. रिमांड होममधल्या मुलाला परत पाठवण्याआधी त्याचं घर पाहून यायचं आणि ते राहण्याजोगं आहे की नाही ते कळवायचं, ही माझी नोकरी. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी नुकताच कामाला लागलो होतो.

नियमात ‘सुरक्षित घर’ एवढंच होतं. सुरक्षित म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलं नाही. आमच्या पेठेतल्या घराला आतून कडी होती. म्हणून मी ठरवलं की सुरक्षित म्हणजे आतून कडी लागणारं दार.

पहिल्याच वर्षी त्या वस्तीतल्या एका विधवेला मी नकार दिला. ती फौंड्रीत वाळू चाळायची. ती कामावर असताना तिचा मुलगा एसटी स्टँडवर भटकताना पोलिसांना सापडला आणि आमच्याकडे आला. “आधी दार बसवा, मग बघू,” मी म्हणालो. तिने मान हलवली. पावसाळा सरला, दिवाळी झाली, मुलगा आमच्याकडेच राहिला.

मग वस्तीत दारं दिसू लागली. मला समाधान वाटलं. माणसं ऐकतात, फक्त नीट सांगावं लागतं, असं मी घरी बायकोलाही सांगितलं. एकामागून एक तीन-चार घरं मी योग्य ठरवली. सगळी दारं मशिनच्या खोक्याच्या फळ्यांची होती आणि सगळ्यांवर वर टोक केलेला काळा बाण होता. खोकं उलटं ठेवू नये म्हणून कारखानेवाले तसा बाण काढतात. शिरोलीत खोक्यांना तोटा नाही, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

भेटीआधी मी पोस्टकार्ड टाकत असे. कुणाच्या घरात अचानक शिरू नये, असं माझं मत होतं. एकदा मी चुकून दोन घरांना एकच दुपार कळवली. एक घर वस्तीच्या तोंडाशी, नवरा-बायकोचं. त्यांची मुलगी आमच्याकडे होती. दुसरं अगदी मागे, त्या विधवेचं.

पहिल्या घराला दार होतं. कडी लावून पाहिली, लागली. तिथून निघालो तर मधल्या बोळात एका म्हाताऱ्या गवंड्याने मला अडवलं. सगळी वस्ती त्याला चाचा म्हणायची.

“पावणं, च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाय.”

“अजून एक घर पाहायचंय, चाचा.”

“घर काय पळून जातंय व्हय? बसा की.”

त्याने मला बोळाकडे पाठ करून बाजल्यावर बसवलं. चहा उकळायला फार वेळ लागला. कप हातात आला तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “आरं तिरकं धर की, कोपरा अडतोय.” मी वळून पाहिलं. दोन माणसं डोक्यावर दार घेऊन चालली होती. पुढचा मला बघून थांबला. मागच्याला काही दिसत नव्हतं, तो ढकलतच राहिला.

चाचा म्हणाला, “साखर बरोबर हाय न्हवं?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो, आणि आणखी अर्धा कप मागितला.

विधवेच्या घरी पोचलो तेव्हा दार बसलेलं होतं. घाई झाली असावी. बाणाचं टोक जमिनीकडे होतं आणि कडी गुडघ्याशी.

“कडी इतकी खाली?”

“पोरगं बारकं हाय की सायेब. त्याचा हात पोचाय नको?”

मी लिहून घेतलं : दार आहे. कडी मुलाच्या हाताला येते.

पंधरवड्याने मुलाला घरी सोडायला मीच गेलो. चौकटीत गोणपाट लोंबत होतं. मुलगा वाकून आत शिरला. मी सवयीने चौकटीवर टकटक केली.

“या की आत,” ती म्हणाली. “दार चाचाच्या मागल्या घरात गेलंय. त्येंचं घर उद्या बघणार हायसा न्हवं?”

मी हो म्हणालो.

तिने मुलापुढे भाकरी ठेवली. त्याची चड्डी फार तोकडी झाली होती, ती तिने खाली ओढून पाहिली. मग त्याच्याकडेच बघत म्हणाली, “सायेब, मागल्या साली बी ह्येच गोणपाट हुतं. तवा का दिलं न्हाईसा पोरगं?”

दाराची अट कुठल्याच नियमात नाही, ती माझी आहे, हे मला तिथेच सांगता आलं असतं. मी म्हणालो, “तेव्हा नियम कडक होता.”

“व्हय,” ती म्हणाली आणि मुलाला आणखी कालवण वाढलं.

ती अट मी पुढेही काढली नाही. काढली असती तर त्या वर्षाचं उत्तर तिला द्यावं लागलं असतं. फक्त त्या वस्तीतल्या दोन भेटींमध्ये मी आठवड्याचं अंतर ठेवू लागलो. दार हलवायला त्यांना वेळ मिळावा म्हणून.