अधिकृत शिक्का

आमच्या पुस्तक मंडळातले किस्से दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. टाकायचे म्हणून काढतो आणि झाकण लावून परत ठेवतो.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत आम्ही आठजण महिन्यातून एकदा जमतो. यंदा विषय होता एक जुनी, गाजलेली अमेरिकन ऐतिहासिक प्रेमकथा आणि तिच्या 'अधिकृत' जोडकादंबऱ्या. म्हणजे लेखिकेच्या वारसांची परवानगी घेऊन दुसऱ्याच कुणी तीच गोष्ट दासीच्या, नायकाच्या तोंडून सांगायची. मला हा प्रकार सहनच होत नाही. मी ठराव लिहिला: यापुढे मंडळात फक्त मूळ पुस्तकं. ठराव पडला, तर मी मंडळ सोडणार.

* * *

वसंतरावांनी दासीची कादंबरी आधी वाचली, मूळ नंतर. म्हणाले, "मूळ फारच त्रोटक आहे हो. दासीच्या आईचं पुढे काय झालं, ते सांगतच नाही."

* * *

नीलाताई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना नायकाच्या बाजूची कादंबरी आवडली. "तो मुळात रागीट नव्हताच," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"कव्हरवर अधिकृत लिहिलंय ना."

माझा आवाज चढला. "नातवानं सही केली, की आजोबांचा स्वभाव बदलतो?"

"नातवंडं झाल्यावर बदलतोच की," वसंतराव म्हणाले. "तुमचाच तेवढा राहिलाय."

* * *

घरी आल्यावर वाटलं, आपण फार बोललो. चाळीस वर्षं संशोधन केलं, पण कुठे थांबावं हे कळलं नाही. नीलाताईंना माफीची ईमेल लिहायला घेतली. तिसऱ्या ड्राफ्टवर बायकोनं मागून वाचलं. ती, सुमन, मंडळात आहेच.

"ही माफी आहे की दुसरा राउंड?"

* * *

रुची आमच्यात सर्वात लहान. इथेच जन्मलेली, वकील.

"काका, ओरिजिनलमध्ये त्या दासीला नावसुद्धा नाहीये. कुणीतरी तिला विचारायला नको?"

मी तिचा प्रश्न ठरावाच्या कागदामागे लिहून घेतला. संताप मात्र तसाच राहिला.

* * *

ठरावाच्या दिवशी मी मुळातला एक प्रसंग तोंडपाठ सांगितला. युद्ध संपून नायक परत येतो. दार वाजवत नाही. जोडे काढून पायरीवर बसून राहतो, ती आपणहून दार उघडेपर्यंत. "हे कुठल्या वारसाच्या सहीनं लिहून होईल?" मी विचारलं.

रुची फोनमध्ये शोधत होती.

"काका, असं काही नाहीये. तो दार लाथेनं उघडतो आणि चिखलाचे बूट घालूनच आत जातो."

"मी स्वतः वाचलंय. कॉलेजात, एकोणिसाव्या वर्षी."

"इंग्लिशमध्ये?"

पुस्तक मराठी होतं. सुरुवातीची पानं फाटलेली, अनुवाद कुणाचा आणि मुळाला किती धरून, ते मला कधीच कळलं नव्हतं.

"हे मला बघायला आले होते ना," सुमन सावकाश म्हणाली, "तेव्हा आत येईनात. जोडे काढून पायरीवर बसले. मी आईला म्हटलं, हाच."

मग नीलाताईंनी घसा साफ केला. "ठराव मताला टाकू? विरोधात कोण?"

सर्वात आधी हात वर गेला तो सुमनचा.