तामलवाडीच्या जावयाला खोली नाही

मोटारसायकलवर फिरताना स्वस्तातला लॉज शोधावा तर मीच, असं माझं प्रामाणिक मत आहे. (दुसऱ्या कुणाचं आहे का, हे मी विचारलेलं नाही.)

लग्नाला वीस वर्षं झाली, पण नुसतं फिरायला म्हणून आम्ही कधी कळंबच्या बाहेर पडलो नव्हतो. जायचं ते लग्नाला, बारशाला, नाहीतर तेराव्याला. गाडीवरून उतरली की सुनंदा थेट चुलीपाशी! शेवटी गेल्या हिवाळ्यात तिनं बजावलं, "अवो, नळदुर्गचा किल्ला बघायचा. आन् वाटंत तुळजापुरात लॉजवर मुक्काम. एक दिस मला भाकरी थापायची न्हाय, आन् कुणाच्या पाया पडायचं न्हाय!"

"मग तामलवाडीला जाऊ की. तुझं माहेर जवळच हाय."

"अजाबात न्हाय! वयनी एकटी राबणार आन् मी पाय पसरून बसू व्हय? त्यास्नी कळूबी देऊ नका."

मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला.

तुळजापुरात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पहिल्या लॉजच्या खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या खोलीत उघडत होती! दुसऱ्या लॉजवाल्यानं भाव सांगितला आणि मी गाडीला किक मारली. तिसरा मात्र झकास. सज्जा, गरम पाणी, परीटघडीची चादर. सुनंदा पलंगावर बसली, पाय लांब केले आणि चक्क हसली. तिला इतकं निवांत मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हीच घ्या," ती म्हणाली. "आन् खाली जाऊन जास्तीचं बोलू नका."

पण सांगितलेल्या भावात खोली घ्यायची? मग माझ्या हुशारीचं काय लोणचं घालायचं? मी खाली आलो. गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे मालक वही उघडून बसले होते.

"मालक, जरा कमी करा की. आपुन काय परके हाव का?"

"गाव कुठलं पाहुणं?"

"कळंब."

"सासुरवाडी?"

(इथं थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता.)

"तामलवाडी! दगडूअण्णांचा जावई म्या!"

मालक ताडकन उठले. "दगडूअण्णा? अवो, आमच्या धाकट्या सुनंचे चुलतमामा की ते! म्हंजी तुमी आमचे जावईच!"

माझी छाती फुगली. "मग आता घरचा भाव लावा!"

मालकांनी वही मिटली. "खोली न्हाय."

"आँ?"

"तामलवाडीचा जावई लॉजवर झोपला म्हणल्यावर सून मला घरात घील का? चला घरी!"

"अवो, पण आमाला..."

"पण न्हाय आन् बिन न्हाय!" असं म्हणून ते वर गेले आणि आमची पिशवी स्वतः उचलून आणली. मागून सुनंदा उतरली. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी गाडीच्या आरशात उगाचच केस नीट करू लागलो.

मालकांच्या घरी चौदा माणसं होती. त्यातल्या अकरा जणांच्या पाया पडून सुनंदा जी स्वयंपाकघरात गेली, ती थापटण्याच्या आवाजानंच मला कळत राहिली. "अगं बस की, तू पाहुणी," असं त्या घरातल्या बायका दर भाकरीला म्हणत होत्या, पण परात काही कुणी तिच्या पुढ्यातून ओढून घेत नव्हतं. मी बाहेर गादीवर, लोडाला टेकून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (तरी तीन भाकरी खाल्ल्या. गरम होत्या.)

एवढ्यात मालकांच्या धाकट्या सुनेनं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे सासरे.

"जावईबापू, तुळजापुरात लॉज बघत होता म्हनं?"

"न्हाय अण्णा... म्हंजी व्हय..."

"आमचं घर पडलं का काय? सकाळी न्ह्यारीला हिकडं या. धा-पंधरा मान्सं बोलीवतो!"

नळदुर्ग राहिलं. दुसऱ्या दिवशी सुनंदानं माहेरी पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापल्या. परतताना येडशीजवळ तिनं मला गाडी थांबवायला लावली. मग म्हणाली, "चुकलंच माझं. गाडी तुमास्नी येती, तेवढीच चालवाय द्याया पायजे होती."

आता आम्ही वर्षातून दोनदा फिरायला जातो. खोली ती बघते, मालक सांगेल तो भाव देते आणि किल्ली घेऊन खिडकीतून हात करते. तोपर्यंत मी रस्त्यापलीकडे उन्हात, गाडीवर, डोक्यात हेल्मेट घालून बसतो. ते काढायची मला परवानगी नाही. त्यातून बोललेलं कुणाला ऐकू जात नाही!