डब्बा मी देणार नाही!

कप खाली ठेवा आधी. खरंच सांगते. मी आता जे सांगणार आहे ते ऐकताना घोट तोंडात असला तर समोरचीच्या साडीवर जाईल आणि नाव माझं येईल. त्या चार दिवसांत माझ्या नावावर इतकं काही जमा झालं आहे, की वरून एक साडी मला झेपायची नाही.

तर गोष्ट आमच्या नव्या टीव्हीची. म्हणजे खरं तर जुन्या डब्ब्याची.

आम्ही राहतो सौसरला. घरात मी, स्वराचे बाबा, माझ्या सासूबाई आणि साडेतीन वर्षांची स्वरा. आमचा जुना टीव्ही अगदी साधा, त्याला स्वतःचं डोकं नव्हतं. म्हणून ह्यांनी त्याला एक काळा डब्बा जोडून दिला होता. साबणाच्या वडीएवढा. इंटरनेट लावलं की त्यातून सिनेमे, गाणी, भजनं, कार्टून सगळं टीव्हीवर यायचं.

आता मी सातवी शिकलेली बाई. पहिले आठ दिवस मी त्याच्या रिमोटला हातसुद्धा लावला नाही. शॉक लागला तर? रिमोटला शॉक नसतो हे मला माहीत आहे हो. पण माहीत असणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. मग एक दिवस स्वरा झोपली असताना तिच्या चित्रकलेच्या वहीत मी रिमोटचं चित्र काढलं आणि एकेक बटण दाबून काय होतं ते लिहून काढलं. महिन्याभरात डब्बा माझा झाला! स्वरासाठी मी त्यात वेगळं पान उघडलं, मारामारीचं काही दिसू नये म्हणून कुलूप लावलं, कुलपाचा नंबर कोणालाच सांगितला नाही. दर शनिवारी सासूबाईंना जामसांवलीच्या मारुतीची आरती लावून द्यायची मीच. गुडघ्यांमुळे त्यांना आता तिथे जाणं होत नाही.

आणि स्वराचे बाबा! एरवी ट्रॅक्टर उघडून पुन्हा जोडणारा माणूस, तो मला विचारायचा, "अवं, मॅच कुठी दाबल्यावर दिसते?"

सांगा, एवढी इज्जत मला आयुष्यात दुसऱ्या कोणत्या वस्तूने दिली?

अशात शुक्रवारी सकाळी नवा टीव्ही आला. भला मोठा, स्मार्ट. सोबत आले प्रशांत भाऊजी, माझे दीर. ते बोरगावला कारखान्यात आहेत, तिथेच राहतात, आणि मोबाइल, टीव्ही, इंटरनेट यातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं म्हणणं. टीव्ही भिंतीवर लागला, भाऊजींनी रिमोट फिरवून सगळे अ‍ॅप चालू करून दाखवले. मग माझा डब्बा वायरसकट काढून माझ्या हातात दिला.

"वहिनी, डब्ब्याचा जमाना खतम. आता सगळं टीव्हीच्या पोटातच हाय."

"मंग याचं काय करू?"

"सोमवारी मी घेऊन जातो. लोधीखेड्याले माहा एक दोस्त हाय, त्याले देऊन टाकतो. त्याच्या घरी अजून जुनाच टीव्ही हाय बिचाऱ्याच्या."

मी डब्बा पदराखाली धरला. अगदी नकळत. कोणी मूल मागावं तसा.

"भाऊजी, डब्बा मी देणार नाही! त्याच्यात स्वराचं कुलूप हाय."

"याच्यातही लागते कुलूप. बसवून देईन मी कधी."

कधी म्हणजे कधी? तेवढ्यात टीव्हीच्या पहिल्याच पानावर एक माणूस सुरा घेऊन धावत आला, आपोआप, कोणी काही दाबलं नसताना, आणि स्वराने जो भोंगा पसरला तो रस्त्यापर्यंत गेला. मी म्हटलं, "पाहा!" ह्यांनी म्हटलं, "अवं, होते आदत." भाऊजींनी टीव्ही बंद केला आणि ते आपल्या ड्यूटीवर गेले.

सोमवारी डब्बा जाणार, आणि सोमवारपासून मी पुन्हा पहिल्यासारखी, "अहो, जरा लावून देता का?" म्हणत मागे फिरणारी बाई होणार.

दिवेलागणीला सासूबाई म्हणाल्या, "सुनबाई, नवी वस्तू घरात आली, कुंकू तं लाव वं तिले."

बरोबरच आहे. आमच्याकडे ट्रॅक्टर आला, फ्रिज आला, फवारणीचा पंप आला, सगळ्यांना कुंकू लागलं. राग डब्ब्यापायी होता, टीव्हीने माझं काय घोडं मारलं होतं? मी ताट केलं. पण लावायचं कुठे? भाऊजी बजावून गेले होते, काचेला बोट लावू नका, डाग राहतो. मग मी वाकून पाहिलं, तर टीव्हीच्या खालच्या पट्टीवर, बरोब्बर मध्ये, एक छोटासा काळा चकचकीत उंचवटा. जणू बनवणाऱ्यानेच बायांसाठी कुंकवाची जागा काढून ठेवलेली! काय छान विचार केला आहे म्हटलं. कोरडं कुंकू झडतं, म्हणून मी त्यात दोन थेंब तेल घातलं. चांगलं अंगठ्याने दाबून लावलं. वर हळद, वर अक्षता. एक तांदूळ तर असा चिकटला, की नथीतला मोतीच.

"लय गोजिरा दिसून राह्यला," सासूबाई म्हणाल्या.

तुमच्यातल्या ज्या आत्ताच हसायला लागल्या आहेत, त्यांच्या घरी स्मार्ट टीव्ही आहे हे मला कळलं. बाकीच्यांनी धीर धरा.

शनिवारी सकाळी आरतीची वेळ झाली. सासूबाई आंघोळ करून, हात जोडून, टीव्हीसमोर. मी नवा रिमोट उचलला. दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. टीव्ही आपला काळा ठिक्कर.

"अहो, हा उठून नाही राह्यला!"

ह्यांनी रिमोट घेतला, तळहातावर आपटला, सेल काढून दातांनी चावले, पुन्हा घातले. काही नाही. रिमोट जवळ नेला, लांब नेला, डोक्यावर धरला.

"घाबरला असन नवीन घरात," सासूबाई म्हणाल्या. "पण माही आरती?"

आता मला सांगा, अशा वेळी सून म्हणून माझं कर्तव्य काय? मी आत गेले. कपाटातून डब्बा काढला. भीत भीत, चप्पल घालून, वायर टीव्हीच्या मागे खोचली, डब्ब्याला करंट दिला आणि त्याच्या छोट्या रिमोटचं बटण दाबलं.

आणि बाप्पा! टीव्ही जागा झाला! आपोआप! जो माणसाचं ऐकत नव्हता, तो डब्ब्याने नुसतं वायरीतून हटकल्याबरोबर उठून बसला आणि डब्ब्याचंच पान दाखवायला लागला. दोन मिनिटांत जामसांवलीची आरती सुरू. सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी. माझ्याही. त्यांचं भक्तीचं, माझं विजयाचं.

"पाह्यलं?" मी ह्यांना म्हटलं. "डोकं कोणाचं चालते? टीव्हीचं का डब्ब्याचं?"

ह्यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजी तासाभरात मोटरसायकलवर हजर. आले आणि आधी, काय सांगू, टीव्हीच्या कुंकवाला हात लावून नमस्कार केला! मग रिमोटशी झोंबायला लागले. स्टुलावर चढले, उतरले. प्लग काढला, घातला. रिमोट पंख्याखाली धरला, उन्हात नेऊन आणला. मी शांत बसले होते. हातात माझा छोटा रिमोट. मधून मधून एक बटण दाबत होते आणि टीव्ही मुकाट्याने ऐकत होता.

"भाऊजी, चहा घ्या. तोवर तुमच्यासाठी गाणं लावू का डब्ब्यावर?"

"वहिनी, टोमणे नका मारू."

"टोमणे कायले? विचारून राहिली. टीव्हीच्या पोटातलं गाणं तं बाहेर येऊन नाही राह्यलं."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पशा, तू म्हणे डब्बा खतम! आता कोण खतम झालं रे?"

भाऊजींनी दुकानात फोन करून सांगितलं, पीसच खराब आहे, बदलून द्या. तिकडून निरोप आला, सोमवारी पांढुर्ण्याहून मेकॅनिक येईल.

तो शनिवार आणि रविवार! माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी मिरवले नव्हते. शेजारच्या दोघी पाहायला आल्या. मी त्यांना शिकवल्यासारखं सांगितलं, "स्मार्ट म्हणजे नुसतं दिसायला. आतून काही भरोसा नाही. ज्याच्या घरी डब्बा आहे त्याने जपून ठेवावा." एकीने घरी जाऊन नवऱ्याला नवा टीव्ही घेऊ नका म्हणून सांगितलं. दुसरीने माळ्यावर टाकलेला आपला डब्बा काढून पुसायला घेतला. माझं ऐकून! सातवीवाल्या बाईचं! स्वरा तिच्या कुलपाच्या पानावर खूश, ससा पाहत वरणभात खात होती, आणि मी मनातल्या मनात लोधीखेड्याच्या त्या दोस्ताला म्हणत होते, विसरून जा बाबा डब्बा.

सोमवार उजाडला. मेकॅनिक आला. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. भाऊजीही आले होते, टीव्ही परत पाठवायचा म्हणून खोका बाहेर काढून तयार.

मेकॅनिकने काहीच आपटलं नाही. आपला मोबाइल काढला, कॅमेरा चालू केला आणि त्यातून रिमोटच्या टोकाकडे पाहत बटण दाबलं. मोबाइलमध्ये जांभळा दिवा लुकलुकला.

"रिमोट तं एकदम चांगला हाय जी. लाइट मारून राह्यला."

"मंग टीव्हीच बेकार," मी म्हटलं. जरा घाईनेच म्हटलं.

तो टीव्हीपाशी गेला. वाकला. चष्मा लावला. पुन्हा वाकला. मग हळूच मागे वळून त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"इथी पूजा कोनं केली?"

"मी," मी म्हटलं. अजून अभिमानानेच, बरं का!

"ताई, हा टीव्हीचा डोळा होय. रिमोटची लाइट याच्यातूनच आत जाते. तुम्ही त्याच्यात कुंकू, हळद, तेल अन् वरून तांदूळ भरला."

मी स्वराच्या केसातली पिन सारखी करायला घेतली, जिची काही गरज नव्हती.

भाऊजींनी रिकाम्या खोक्यावर बसकण मारली. "म्हणजे आम्ही तीन दिवस..." ह्यांचे खांदे हलायला लागले. मेकॅनिकने खिशातून फडकं काढलं, तोच सासूबाई कडाडल्या, "ए बापा! कुंकू नको पुसू!"

"काकू, मंग टीव्ही कसा चालन?"

"घरच्या लक्ष्मीनं लावलेलं कुंकू हाय. सोमवारी सकाळी सकाळी असं पुसतात का?"

तो बिचारा फडकं वर धरून उभा. शेवटी त्यानेच तोड काढली. आधी मी दुसरीकडे कुंकू लावायचं, मग तो हे काढणार. सासूबाईंना ते पटलं. पण मी ताट आणायला निघाले तशी त्याने घाईने म्हटलं, "थांबा, आधी मी पुसतो थोडंसं, चालते का ते पाहू," आणि सासूबाई देवघराकडे वळलेल्या पाहून एका फटक्यात डोळा साफ केला. रिमोट दाबला. टीव्ही लख्ख.

"झालं!" भाऊजी उठले. आता त्यांची पाळी होती. "वहिनी, आणा तो डब्बा इकडे. टीव्ही ठणठणीत हाय."

चूक माझी, तोंड कोणत्या तोंडाने उघडू? पण उघडलं. "चूक माही हाय, मान्य. पण मले एक सांगा दादा, त्याच्यात माह्या लेकीसाठी कुलूप बसवलं हाय, डब्बा खरंच कामाचा नाही का आता?"

मेकॅनिकने फडक्याची घडी केली. "असं कोनं सांगतलं? टीव्ही लय वर्षं चालते ताई, पण त्याच्यातले अ‍ॅप आधी म्हातारे होते. अटकते, नवीन काही घेत नाही. तवा लोक डब्बाच लावते. डब्बा बदलता येते, भिंतीवरचा टीव्ही थोडीच रोज बदलता? अन् लेकराचं कुलूप एकदा नीट बसवलं असन, तं कायले मोडता? राहू द्या ना दोन्ही."

मी भाऊजींकडे पाहिलं. फक्त पाहिलं. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "डब्बा राहीन! झाला निकाल!" ह्यांनी मान डोलावली. जिंकले की नाही मी? चूक करून, पकडली जाऊन, तरी जिंकले!

त्याच तोऱ्यात मी कुंकवाचं ताट आणलं. आता जागा चुकवायची नाही म्हणून सगळे भोवती उभे. काच नको. डोळा नको. मेकॅनिक म्हणाला, एकदम कोपऱ्यात लावा ताई, तिथी काही नाही. मी उजव्या कोपऱ्याला, पट्टीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाला दिसणारही नाही अशी जागा बोटाने चाचपून शोधली. देवाचं नाव घेतलं आणि चांगला अंगठा दाबून टिळा लावला.

टीव्ही बंद.

टीव्ही बंद करायचं बटण त्यांनी तिथे, खालच्या अंगाला लपवून ठेवलं आहे हे मला कोणी सांगितलं होतं का?

भाऊजींनी मेकॅनिककडे पाहिलं, मेकॅनिकने माझ्या लाल अंगठ्याकडे पाहिलं. मग भाऊजींनी रिकामा खोका पुढे ओढला, माझ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाले,

"वहिनी, डब्बा तुमच्याकडेच ठेवा. टीव्ही मी घेऊन जातो."